व्यवस्थापकांची संस्था: कोणासाठी आणि कोणाच्या पैशावर?

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान. छपाईसाठी किरकोळ फेरफार केले आहेत.)



व्यवस्थापकांच्या संस्थेविषयी बोलायचे तर सुरुवात भोपाळपासून करावी लागते. २ डिसेंबर १९८४च्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट सुटला आणि शहरावर पसरला. हे रसायन थंड ठेवण्यासाठी बसवलेली शीतयंत्रणा त्याआधी काही महिने बंद होती. सुटलेला वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर त्या रात्री उपयोगी पडला नाही, कारण त्याच्याकडे जाणाऱ्या पाइपाचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. वायू धुऊन काढणारा स्क्रबर एवढ्या लोंढ्यासाठी बांधलेलाच नव्हता. या गोष्टी आपोआप झालेल्या नव्हत्या. प्रत्येकीला कुणीतरी होकार दिलेला होता, आणि होकार देणारी माणसे शिकलेली, अनुभवी, घरी मुलेबाळे असलेली होती. ७ जून २०१० रोजी, म्हणजे २५ वर्षांनंतर, भोपाळच्या न्यायालयाने सात जणांना दोषी ठरवून प्रत्येकी दोन वर्षांची शिक्षा सुनावली. त्यांत भारतीय कंपनीचे अध्यक्ष होते, तसे वर्क्स मॅनेजर, प्रॉडक्शन मॅनेजर आणि प्लांट सुपरिंटेंडेंटही होते.

माझी सगळी नोकरी रासायनिक कारखान्यांत गेली. त्यामुळे हे हुद्दे वाचले की त्या खुर्च्या डोळ्यांपुढे येतात आणि एक प्रश्न पाठ सोडत नाही. खर्च वाचवण्यासाठी शीतयंत्रणा बंद ठेवायची असे ठरले, त्या दिवशी यांच्यापैकी एखाद्याला 'हे मी करणार नाही' असे म्हणायचे असते, तर तो कोणाकडे गेला असता? वरिष्ठांकडे जाऊन उपयोग नव्हता, कारण निर्णय वरूनच येतो. कामगारांची युनियन होती आणि तिने त्या कारखान्यातल्या धोक्यांविरुद्ध आवाजही उठवला होता, पण मॅनेजर युनियनच्या दारात उभा राहू शकत नाही. सरकारी निरीक्षकाकडे जायचे म्हणजे नोकरीवर पाणी सोडायचे. वकिलाला बार कौन्सिल आहे, चार्टर्ड अकाउंटंटला १९४९च्या कायद्याने स्थापन झालेली इन्स्टिट्यूट आहे. मालकाने भलतेच काही सांगितले तर 'माझी सनद जाईल' एवढे तरी त्यांना म्हणता येते. मॅनेजरला काय म्हणता येते?

माझ्या मते व्यवस्थापकांच्या संस्थेचा हेतू या प्रश्नात आहे. चर्चासत्रे, अभ्यासदौरे, नोकरीच्या ओळखीपाळखी ही कामे संस्थेने खुशाल करावीत. मात्र मालकाव्यतिरिक्त दुसऱ्या कशावर तरी पाय रोवून उभे राहायला मॅनेजरला जागा मिळत नसेल, तर ही कामे एखादे हॉटेलही करू शकेल.

एका प्रकारच्या मॅनेजरला आपल्या देशात अशी जागा कायद्याने मिळाली. तो म्हणजे खाणीचा मॅनेजर. कारखान्याचा मॅनेजर मालक नेमील तो असतो. १९४८च्या कारखाने अधिनियमाने त्याचे नाव निरीक्षकाला कळवायला सांगितले, पण त्याच्या लायकीची परीक्षा घेतली नाही. कोळसा खाणीचा मॅनेजर व्हायचे तर खाण सुरक्षा महासंचालनालयाकडून सक्षमतेचे प्रमाणपत्र मिळवावे लागते, आणि बेपर्वाई सिद्ध झाली तर ते निलंबित किंवा रद्द होऊ शकते. त्याहून मोठी गोष्ट १९५२च्या खाण अधिनियमाच्या सतराव्या कलमात होती. मालकाने किंवा त्याच्या एजंटाने मॅनेजरला ज्या सूचना दिल्या असतील त्या लगोलग लेखी पक्क्या कराव्यात, असे ते कलम सांगत असे. शिवाय, आणीबाणीचा प्रसंग सोडला तर, मॅनेजरच्या वैधानिक कर्तव्यावर परिणाम होईल असा हुकूम मालकाने मॅनेजरला डावलून त्याच्या हाताखालच्या माणसाला देऊ नये, असेही त्यात होते.

वणी-चंद्रपूरच्या पट्ट्यात एका कोळसा खाणीच्या मॅनेजरांकडे मी एकदा मुक्कामाला होतो. त्यांच्या टेबलावर कापडी पुठ्ठ्याची एक जाड वही असे. वरून फोन आला की फोन ठेवण्याआधीच त्यांचे पेन चालू होई: तारीख, वेळ, कोण बोलले, काय सांगितले. शेवटी एकच शेरा, 'कृपया लेखी कळवावे.' संध्याकाळी त्या नोंदीची नक्कल क्षेत्रीय कार्यालयात जाई. मी विचारले, वरचे लोक रागावत नाहीत का? ते म्हणाले, "रागावतात की. पण दहापैकी सहा सूचना लेखी येतच नाहीत. जी लेखी येत नाही, ती मी करत नाही."

मंडळी, ज्या सूचना कागदावर उतरताना गळून पडतात, त्या नेमक्या कोणत्या असतात हे इथे बसलेल्या कुणालाही सांगायला नको. 'इंटरलॉक तेवढा बायपास करा, माल आज निघाला पाहिजे.' 'सांडपाणी प्रक्रियेचे पंप रात्री बंद ठेवा.' 'हजेरीपटावर त्यांना कंत्राटदाराची माणसे दाखवा.' अशी वाक्ये कंपनीच्या लेटरहेडवर कधी टाइप होत नाहीत. भोपाळनंतर १९८७मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली, धोकादायक प्रक्रियांसाठी नवे प्रकरण घातले गेले आणि कंपनीच्या बाबतीत 'भोगवटादार' म्हणजे संचालकच असे ठरले. हाताखालच्या एखाद्या अधिकाऱ्याला भोगवटादार म्हणून पुढे करून संचालकांनी मोकळे व्हायचे, ही वाट त्याने बंद झाली. चांगले झाले. पुढे २०२०च्या कामगार-सुरक्षेच्या संहितेत कारखान्यांचा आणि खाणींचा असे दोन्ही कायदे सामावून घेतले गेले. पण लेखी हुकूम मागण्याचे जे बळ खाणीच्या मॅनेजरला होते, ते बाकीच्या मॅनेजरांना त्यांच्या संस्थेनेच मिळवून दिले पाहिजे. दुसरे कुणी देणार नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो बिनबुडाचा नाही. व्यवस्थापन हा डॉक्टरीसारखा पेशाच नाही, असे म्हणणारे बरेच आहेत. हार्वर्डच्या राकेश खुराना आणि नितीन नोहरिया यांनी २००८मध्ये व्यवस्थापनाला खऱ्या अर्थाने पेशा बनवा, त्याला आचारसंहिता आणि शपथ द्या, अशी मांडणी केली. पुढच्याच वर्षी तिथल्या एमबीएच्या विद्यार्थ्यांनी एक शपथ तयार केली. २०१०मध्ये केंब्रिजच्या रिचर्ड बार्कर यांनी उलट बाजू मांडली. मॅनेजरच्या ज्ञानाला डॉक्टरच्या ज्ञानासारखी ठरलेली चौकट नाही, त्यामुळे आत कोणाला घ्यायचे आणि कोणाला नाही हे ठरवणारी संस्था इथे उभी राहू शकत नाही, असा त्यांचा मुद्दा होता.

प्रवेशाच्या बाबतीत मला बार्कर यांचे म्हणणे पटते. आपल्या औद्योगिक पट्ट्यांतले कितीतरी उत्तम मॅनेजर आयटीआय करून फिटर म्हणून लागले आणि वीस वर्षांनी शॉपचे प्रमुख झाले. पदवीची अट घालून दार लावले तर पहिला बळी त्यांचा जाईल. म्हणून संस्थेने दारावर पहारा ठेवू नये. आत आलेला कसा वागतो, याकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. वागणुकीची चौकट आखायला पदवी लागत नाही. खोट्या नोंदीवर सही करणार नाही, सुरक्षेचे साधन तोंडी हुकमावर बंद करणार नाही, हाताखालच्या माणसाला असे काही करायला सांगणार नाही: एवढी तीन वाक्ये फिटरपासून वर आलेल्या माणसाला आणि आयआयएमच्या पदवीधराला सारखीच कळतात.

आता आपल्या संस्थांकडे पाहू. मुंबईत बॉम्बे मॅनेजमेंट असोसिएशन १९५४मध्ये स्थापन झाली, १९५७मध्ये अखिल भारतीय पातळीवर ऑल इंडिया मॅनेजमेंट असोसिएशन आली आणि पुढे गावोगावच्या स्थानिक संस्था तिला जोडल्या गेल्या. कर्मचारी व्यवस्थापकांच्या कलकत्त्याच्या आणि मुंबईच्या दोन संस्था १९८०मध्ये एकत्र येऊन एनआयपीएम झाली. देश कारखानदारी शिकत होता, त्या काळात या संस्थांनी फोरमनपासून संचालकापर्यंत हजारो लोकांना शिकवले. ते ऋण मी मानतो. तरीही शिकवण्याच्या जोडीला पुरस्कार, प्रायोजित परिषदा आणि कंपन्यांचे सभासदत्व वाढत गेले, तसा या क्षेत्रातल्या संस्थांचा आवाज खाली आला, हे मला स्पष्ट दिसते. सप्टेंबर २००८मध्ये सत्यम कंपनीला उत्तम कंपनी-प्रशासनाचा जागतिक गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्राने कबूल केले की ताळेबंदातली ५,०४० कोटी रुपयांची रोकड आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नाही. पुरस्कार मागाहून काढून घेतला गेला. ज्यांच्या वागणुकीवर नजर ठेवायची त्यांनाच व्यासपीठावर बोलावून शाल-श्रीफळ देण्यात आपली वर्षे जाऊ लागली, की नजर आपसूकच खाली जाते.

इथे मला नानांविषयी बोलले पाहिजे. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी जमतो त्या नानांची सभासदांची वही नव्या सभासदांनी पाहिलेली नसेल. फूलस्केप आकार, प्रत्येक पानावर हाताने आखलेले रकाने. नाव, हुद्दा, पत्ता, वर्गणीची पावती, आणि शेवटचा रकाना लाल शाईने आखलेला: 'वर्गणी कोणी भरली'. त्यात 'स्वतः' असे लिहिलेले असेल तरच त्या सभासदाला मताचा हक्क. कंपनीचा चेक आला तर नाना तो परत पाठवत आणि सोबत पोस्टकार्ड टाकत की आपण स्वतःच्या पगारातून भरावी, हप्त्याने भरली तरी चालेल. एका मोठ्या कारखान्याने एकदम साठ अधिकाऱ्यांची वर्गणी पाठवली, तेव्हा खजिनदार हरखून गेले होते. संस्थेला तेव्हा भाड्याची खोली परवडत नव्हती. नानांनी तो चेकही परत केला. त्या साठ जणांपैकी अकरा जणांनी पुढे स्वतःच्या खिशातून वर्गणी भरली, आणि त्यांतले काही आज या सभागृहात पहिल्या रांगेत बसले आहेत.

सभासदांची यादी संगणकावर घेतली तेव्हा तो लाल रकाना वगळला गेला. कुणी ठराव करून वगळला नाही, नव्या तक्त्यात त्याला जागा नव्हती एवढेच. आज आपल्या किती सभासदांची वर्गणी त्यांची कंपनी भरते हे कार्यकारी मंडळालाही सांगता येत नाही. ज्याची वर्गणी मालक भरतो तो सभासद मालकाविरुद्ध तक्रार घेऊन आपल्याकडे येईल, हे मला संभवनीय वाटत नाही. तो आलाच, तर प्रायोजकांच्या यादीत त्याच मालकाचे नाव असलेले आपले मंडळ ती तक्रार टेबलावर ठेवील का?

म्हणून पैशाचा आणि कारभाराचा प्रश्न मी हेतूच्या प्रश्नापासून वेगळा करू शकत नाही. आपली संस्था १८६०च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेली आहे, आणि महाराष्ट्रात अशा संस्था सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांच्याही देखरेखीखाली येतात. मंडळ बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो आणि दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचे असतात. ही किमान शिस्त आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या कंपनीत आयएसओची ऑडिट्स पार पाडणारे आपण, स्वतःच्या संस्थेचे बदल अर्ज वर्षानुवर्षे तुंबलेले असले तरी अस्वस्थ होत नाही. वार्षिक सभेची रीत तर आपल्याला पाठ झाली आहे. साडेपाचची सभा, कोरम नाही, अर्धा तास तहकूब, सहा वाजता त्याच जागी पुन्हा सुरू, आणि या सभेला कोरमची अट नाही. अहवाल वाचला असे समजण्यात येते, हिशेब मंजूर, मंडळ बिनविरोध, मग चहा. एकाही विषयावर प्रश्न येत नाही. प्रश्न विचारणे म्हणजे चिटणिसांवर अविश्वास दाखवणे, असा समज रुजला आहे. हा समज घातक आहे. ज्या मॅनेजरला स्वतःच्या संस्थेच्या ताळेबंदावर प्रश्न विचारता येत नाही, त्याला कंपनीच्या बोर्डरूममध्ये तो विचारण्याची ताकद कुठून येणार?

या पुण्यात सार्वजनिक संस्थेचा कारभार कसा असावा, याचा विचार दीडशे वर्षांपूर्वी झालेला आहे. १८७०मध्ये सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा सभासद होण्यासाठी किमान ५० लोकांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. सभासद आपल्या एकट्याच्या वतीने बोलत नाही, त्याच्यामागे ५० माणसांची सही आहे, ही कल्पना मला आजही थोर वाटते. त्याच सभेच्या व्यवस्थापक मंडळात १८९५च्या निवडणुकीने टिळकांच्या बाजूचे बहुमत आले, रानडे आणि गोखले बाजूला झाले आणि १८९६मध्ये डेक्कन सभा निघाली. या वादात कोणाची बाजू बरोबर होती ते मी इथे ठरवत बसणार नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे की मतभेद होते, निवडणूक झाली, मोजणी झाली आणि हरलेल्यांनी दुसरी संस्था काढून आपले काम चालू ठेवले. ज्या संस्थेत निवडणूक होते तिथे काही पणाला लागलेले असते. वीस वर्षे बिनविरोध मंडळ निवडले जाते तिथे सभासदांनी संस्था सोडून दिलेली असते, नावे तेवढी यादीत राहतात.

शिस्तपालनाच्या बाबतीत आपल्यापुढे दोन धडे आहेत. २०१०मध्ये मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या अध्यक्षांना लाचखोरीच्या आरोपाखाली अटक झाली, कौन्सिल बरखास्त झाली आणि शेवटी २०२०मध्ये तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. हिशेबतपासनिसांच्या बाबतीत, मोठ्या कंपन्यांच्या ऑडिटवरची देखरेख २०१८मध्ये राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणाकडे गेली, आणि २०२२च्या दुरुस्तीने शिस्तपालन समितीच्या प्रमुखपदी पेशाबाहेरची व्यक्ती बसवायचे ठरले. दोन्ही ठिकाणी पेशातल्या लोकांनी पेशातल्या लोकांना जाब विचारायचा, असा मूळ बेत होता. जाब विचारला जात नाही असे लोकांना दिसले, तेव्हा सरकारने तो अधिकार काढून घेतला. आपल्यापाशी तर वैधानिक अधिकारही नाही. कुणाची सनद आपण रद्द करू शकत नाही. यादीतून नाव काढणे आणि कारणांसह ते छापणे, एवढेच आपल्या हातात आहे. पण ते प्रामाणिकपणे केले, समितीत निम्मी माणसे बाहेरची घेतली, म्हणजे एखादा निवृत्त न्यायाधीश, एखादा कामगार प्रतिनिधी, एखादी सुरक्षा अभियंता, तर त्या यादीत नाव असण्याला किंमत येईल. ती किंमत आली की आपला सभासद वरिष्ठांना म्हणू शकेल, "साहेब, लेखी द्या. नाहीतर मला संस्थेला उत्तर द्यावे लागेल."

याने नोकरी वाचेल याची हमी मी देत नाही. काहींची जाईल. म्हणून लेखी हुकूम मागितल्याबद्दल ज्याच्यावर आकस धरला गेला त्याला वकील आणि सहा महिन्यांचा घरखर्च देता येईल, असा निधी संस्थेपाशी हवा, आणि तो सभासदांच्या वर्गणीतून उभा राहिलेला हवा. पुरस्कारसोहळ्याचा एक वर्षाचा खर्च त्याची सुरुवात करायला पुरेसा आहे. मी जमाखर्चाची पाने चाळून हे बोलतो आहे.

आता शेवटचे आणि कामाचे. वर्गणीचा रकाना परत आणणे, कंपनीने भरलेल्या वर्गणीवर मताचा हक्क न देणे, सलग दोन मुदतींनंतर पदाधिकाऱ्यांनी बाजूला होणे, बाहेरच्या सदस्यांसह शिस्तपालन समिती नेमणे आणि सभासदांच्या संरक्षणाचा निधी संस्थेच्या उद्देशांत घालणे, अशा घटनादुरुस्तीचा मसुदा मी आज चिटणिसांकडे दिला आहे. उद्देश बदलायचा तर १८६०च्या कायद्याच्या बाराव्या कलमानुसार एका विशेष सभेत तीन-पंचमांश मते लागतात आणि महिन्याभराने दुसऱ्या सभेत तितकीच मते पुन्हा लागतात. म्हणजे तुम्हाला दोनदा यावे लागेल. सूचक म्हणून माझी सही मसुद्यावर आहे, अनुमोदकांची जागा कोरी आहे. मसुद्याच्या प्रती बाहेर पडताना दाराशेजारच्या टेबलावर आहेत. वाचा, पटला तर सही करा. न पटला तर सभेला येऊन विरोधात बोला आणि विरोधात मत द्या, पण त्या दोन्ही संध्याकाळी या सभागृहात हजर राहा.